आबा, लाकूड कोरडंच होतं

आबा, परवा तुमची गंधमुक्ती झाली. काल सकाळच्या एसटीने माझे आईबाबा असोद्याला परत गेले, दुपारी धुळ्याच्या आत्या गेल्या आणि संध्याकाळी मंडपवाला खुर्च्या उचलून घेऊन गेला. इतके दिवस घरात एवढी माणसं होती की मला दमायलाही सवड मिळाली नाही. आज सकाळी तुमचा योगेश डबा घेऊन नरडाण्याला ड्युटीवर गेला. मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच पायरीवर बसले. उठावंसंच वाटेना.

दारावर आलेला प्रत्येक माणूस तुमचं कौतुक करत होता. आबांसारखा सुतार शिरपुरात झाला नाही, म्हणत होता. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून कोणीतरी म्हणायचं, "शेवटी शेवटी जरा नजर चुकली म्हणा. त्या अभ्यासिकेच्या टेबलाला ओलं लाकूड लावून बसले." मी तेव्हा पाण्याचे ग्लास भरत असायचे. हे मी एकदा नाही, चार वेळा ऐकलं. चारही वेळा मान वर केली नाही.

तुम्ही असताना हे बोलायचं नाही असं तुम्हीच ठरवलं होतं, आणि ते मला सोयीचं होतं. आता तुम्ही नाही. आता मला सोसवत नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माझ्या बॅगेत आयटीआयचं वेल्डरचं सर्टिफिकेट होतं. असोद्याहून रोज जळगावला जाऊन शिकले होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न ठरताना बाबांनी ते तुम्हाला सांगितलं नाही. सुताराच्या घरात लोखंडवाली सून कोण करून घेईल, अशी त्यांना धास्ती. तुम्हाला ते कळलं महिनाभराने. समोरच्यांच्या गेटची निखळलेली कडी पाहून मी सहज बोलून गेले, "टाका वरवरचा मारलाय, आत धरलाच नाही." तुम्ही चालता रंधा थांबवून माझ्याकडे पाहिलंत. पुन्हा रंधा ओढायला लागलात.

लोखंडाशी तुमचं वाकडंच होतं. टेबलाचे चारही पाय लाकडाचे, सांध्यात सांधा बसवलेले, एक खिळा न मारता उभे राहिलेले, असं असेल तरच ते टेबल. बाजारात लोखंडी पायांची टेबलं यायला लागली तेव्हा एका हॉटेलात शेवभाजी खाताना तुम्ही ताट बाजूला सरकवून खाली वाकून पाहिलंत आणि आपल्या अहिराणीत म्हणालात, "हाऊ टेबल नही, घोडा शे." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

आठ वर्षं मी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. मग तुमचा उजवा हात कापायला लागला. रंधा चालायचा, कारण त्यावर दोन्ही हातांचं वजन टाकता येतं. पटाशी मात्र घसरायची. पायांच्या सांध्यासाठी खाच घ्यायला बसलात की दोन लाकडं वाया जायची. एका डॉक्टरीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाची फळी तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती आणि तिला पाय नव्हते. तुम्ही रोज तिच्यावरची धूळ पुसायचात.

"आबा, पाय मी करून देऊ?" मी विचारलं. "लोखंडाचे."

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी अंगण झाडून आत आले तर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली सगळी लाकडं तुम्ही एकट्याने दुसरीकडे हलवली होती. कोपरा झाडून स्वच्छ. योगेशला म्हणालात, "तठे वायर ओढी दे. हिनं मशीन येवाव शे." बस, तेवढंच. आबा, माझ्या बाबांनी मला शिकवलं, पण मला जागा तुम्ही करून दिलीत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल.

त्या पहिल्या टेबलापासूनच आपला वाद सुरू झाला. मी चौकोनी पाईपचे पाय केले, वर पट्टी जोडली, पट्टीत स्क्रूच्या मापाची गोल, नीटस भोकं पाडली आणि तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही चष्मा वर केलात.

"हाई गोल भोक कसाले पाडं?"

"स्क्रू घट्ट बसायला."

"घट्ट बसी, ते मंग फळी जाई कोठे?"

"फळी कुठे जाणारे आबा? ती काय चालणारे?"

"चालस ना. लाकूड मरी जास, तरी हालस."

मग तुम्ही मला समोर बसवून समजावलंत. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आक्रसते. लोखंडाला त्याचं काही नाही. फळीला दोन्ही कडांना लोखंडात घट्ट जखडून ठेवलं, तर तिला आक्रसायला वाव मिळत नाही आणि मग ती फाटते. म्हणून मधला स्क्रू पक्का आवळायचा, पण कडेच्या पट्टीत भोक लांबट ठेवायचं, वर वॉशर घालायचा. टेबल डुगडुगता कामा नये आणि फळीला सरकता मात्र यायला हवं. लांबट भोक म्हणजे शेजारी शेजारी दोन भोकं पाडायची आणि मधलं लोखंड कानशीने घासून काढायचं. एकेका टेबलाला अशी आठ-दहा. हाताला फोड यायचे.

मला ते पटलं नव्हतं, आबा. आयटीआयच्या सरांनी शिकवलं होतं की ढिला जोड म्हणजे कच्चा जोड. आपण जेवताना भांडायचो, चहा पिताना भांडायचो. तुम्ही म्हणायचात, लोखंडवाल्यांना सगळं दाबून धरायची सवय. मी म्हणायचे, लाकूडवाल्यांना लाड करायची सवय. योगेश ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. भांडून झालं की मी कानस घेऊन बसायचे, कारण दुकान तुमचं होतं. पण मनातून मी हरलेले नव्हते.

मग अभ्यासिकेचं काम आलं. इथल्या शाळेतले सर निवृत्त झाल्यावर त्यांनी भरतीच्या आणि परीक्षांच्या पोरापोरींसाठी खोली काढली होती, आणि त्यांना मधोमध एकच मोठं टेबल हवं होतं. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद. आपलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. लाकूड निवडायला तुम्ही युसुफचाचांच्या वखारीत गेलात, जसे आयुष्यभर जात होतात. चाळीस वर्षांची तुमची दोस्ती; दोघं मिळून सागवानाच्या फळीला नाक लावून वास घ्यायचात, बोटांनी टकटक करून कान लावायचात. दोन उन्हाळे काढलेलं लाकूड त्यांनी तुमच्यासाठी मागे ठेवलं होतं. तुम्ही महिनाभर त्या फळीवर राबलात. हात कापत होता, पण ती फळी काचेसारखी झाली.

पाय बसवायच्या आठवड्यात तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जळगावला होतात. पंधरा ऑगस्टला उद्घाटन होतं आणि सर दिवसातून दोनदा चक्कर मारत होते. बाहेर झड लागलेली. तुम्ही डोळ्यावर पट्टी असताना फोन केलात. "लांबट भोकं इसरू नको व माय."

"हो आबा, पाडली," मी म्हणाले.

पाडली नव्हती. तोवर सगळी गोल भोकं पाडून, स्क्रू आवळून, मी वर रंगाचा हातही मारला होता. घाई होती हे खरं. पण घाई नसती तरी मी तेच केलं असतं. मला बघायचंच होतं, काय होतं ते.

काहीच झालं नाही. टेबल दगडासारखं उभं राहिलं. उद्घाटनाला सरांनी सगळ्यांसमोर त्याच्यावर हात आपटून दाखवला. "पाय आबांच्या सुनेने केलेत," म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात मला गेटचं काम मिळालं, मग जिन्याच्या कठड्याचं. गावात माझं नाव निघायला लागलं. तुम्ही डोळ्यांना थेंब घालत बसला होतात आणि आल्यागेल्याला तेच सांगत होतात.

वैशाखात एका दुपारी सरांचा फोन आला. पोरं वाचत बसली होती आणि मध्येच फटाका फुटावा तसा आवाज झाला म्हणाले. तुम्ही माझ्या स्कूटीवर मागे बसलात. डांबर वितळत होतं. मला रस्ताभर माहीत होतं काय बघायला मिळणार आहे.

फळी एका टोकापासून चार फूट फाटली होती. पेन खाली पडेल एवढी भेग. पोरं भिंतीला टेकून उभी होती. तुम्ही भेगेवरून बोट फिरवलंत, मग खाली वाकलात, मग जमिनीवर बसलात आणि सरकत सरकत टेबलाखाली गेलात. किती तरी वेळ बाहेर आला नाहीत. मला फक्त तुमच्या पायांचे तळवे दिसत होते. तुम्ही खाली एकेका स्क्रूवर बोट ठेवत असणार. आठ गोल भोकं. तुम्हाला ती दिसण्याइतकं ऑपरेशन चांगलं झालं होतं.

बाहेर आलात ते टोपी झटकत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "सर, लाकूड कच्चं निंघनं," म्हणालात. "मन्ही चूक शे. नवी फळी करी देस."

"आबा, तुमच्याकडून?" सर म्हणाले.

"वय व्हयनं."

मी तिथे उभी होते, आबा. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी उघडलं नाही. घरी आल्यावर अंगणात मी सुरुवात केली, "पण आबा..." आणि तुम्ही हात वर केलात. "मन्हं नाव गयं तरी चाली जाई. तुन्हं आते कोठे सुरू व्हयनं शे. बाईना हातनं काम म्हनीसन लोके पहिलेच नजर ठेवतस." मग पाणी पिऊन म्हणालात, "आते बस. हाई गोष्ट आठेच संपनी."

रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एकदाही रागावला नाहीत. नवी फळी केलीत, मी भोकं लांबट केली, तुम्ही शेजारी बसून कानशीतला लोखंडाचा चुरा झटकून देत राहिलात. आपला तो वाद तिथे बंद पडला. खरं सांगू, मला तो वाद परत हवा होता. जेवताना घर शांत झालं.

आणि मग युसुफचाचा आले. तुम्ही कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण आबा लाकूड कुठून आणतात हे शिरपुरात कोणाला माहीत नव्हतं? सर चार ठिकाणी बोलले होते, आणि ते फिरत फिरत वखारीपर्यंत पोचलं होतं. चाचा दुकानात आले तेव्हा मी मागच्या कोपऱ्यात होते.

"आबा, ओलं लाकूड मी दिधं तुले? मी?"

तुम्ही फुटपट्टी हातात घेतलीत.

"चाळीस वरीसमा एक फळी तरी खराब दिधी का? माले सांग."

"ती फळी ओली व्हती, युसुफ," तुम्ही म्हणालात.

मला पुढचं ऐकवेना. मी ग्राइंडर चालू केला. घासायला काही नव्हतं, आबा. हातात जुना पाईपचा तुकडा होता, तोच घासत बसले, ठिणग्या उडवत, त्यांचे आवाज ऐकू येईनासे होईपर्यंत. बंद केला तेव्हा चाचा गेलेले होते आणि तुम्ही हातातल्या फुटपट्टीकडे बघत बसला होतात. ते परत कधी आले नाहीत. तुम्ही परत कधी वखारीत गेला नाहीत. लाकूड धुळ्याहून, जळगावहून मागवायला लागलात, टेम्पोतून उतरलं की वास घ्यायचात आणि तोंड वाकडं करायचात. पुढे पुढे मागवणंही थांबलं. लोक लाकडाचं काम दुसरीकडे नेत होते. माझ्याकडे मात्र गर्दी होती. तुम्ही दिवसभर माझे स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत निवडून ठेवायचात. दोन वर्षं, आबा. मी रोज ते बघायचे आणि रोज वाटायचं, उद्या जाऊन चाचांना सांगू.

दिवाळीनंतर तुम्हाला लकवा मारला. वाचा गेली. तीन आठवडे मी तुम्हाला चमच्याने पातळ खिचडी भरवली, पाठ पुसली, कूस बदलली. सगळं बोलायचे तुमच्याशी; कोण आलं, काय काम आलं, कापसाच्या गाड्यांनी रस्ता कसा अडवलाय. एक दिवस धीर करून म्हणाले, "आबा, त्या टेबलाचं मी..." तुम्ही डोळे मिटलेत. ते झोप आली म्हणून की बस म्हणून, हे मला कळलं नाही. मी वाटी उचलली आणि आत गेले. त्यानंतर चारच दिवस होते, पण ते मला तेव्हा कुठे माहीत.

अमरधाममध्ये युसुफचाचा आले होते. लांब, नळापाशी उभे होते. धूर निघायला लागल्यावर निघून गेले. दारावर मात्र आले नाहीत.

आज पायरीवरून उठले ती आधी योगेशला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. त्याच्या मागे मशीनचे आवाज येत होते. "आता कशाला?" म्हणाला. "आबाच गेले." मग म्हणाला, "जाऊन ये." मी अभ्यासिकेत गेले. सरांनी ऐकून चष्मा काढला. "म्हणजे मी दोन वर्षं त्या माणसाला गावभर..." एवढंच बोलले आणि वाक्य सोडून दिलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे जायचं बळ राहिलं नसतं.

वखारीत करवत चालू होती. चाचांनी मला बघितलं, कामगाराला हात करून ती बंद करायला लावली आणि समोरच्या ओंडक्यावर बसायला सांगितलं. मी बसले आणि सांगितलं. गोल भोकं, फोनवरचं खोटं, तुम्ही टेबलाखाली गेलात ते, आणि ग्राइंडरचं पण. ते सांगताना जास्त लाज वाटली.

"लाकूड कोरडंच होतं," चाचा म्हणाले.

"हो."

"ते मला माहीत होतं. दोन उन्हाळे इथेच होतं, माझ्या डोळ्यासमोर. म्हणून तर राग होता, बेटा. मला वाटलं, त्याने स्वतःची अब्रू वाचवायला माझी घालवली." मग म्हणाले, "सुनेसाठी केलं."

"हो, चाचा."

"मग मला सांगायचं ना त्याने. मी काय गावभर बोललो असतो?"

याचं उत्तर तुम्हीच द्यायला हवं होतं, आबा. माझं नाव वाचवताना तुम्ही तुमचा माणूस का घालवलात? एक वाक्य त्यांच्या कानात सांगायला काय हरकत होती? की मी तिथे मागे होते म्हणून? मी तुमची फार आभारी आहे आणि याबद्दल तुमच्यावर फार चिडलेही आहे. दोन्ही एकदमच आहे, आणि दोन्ही वाहून मी थकले आहे.

चाचा बराच वेळ भुशात पाय हलवत बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी माझं नाव काढलं का त्याने?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? म्हातारा माणूस समोर बसला होता, एवढ्या एका शब्दाने त्याला झोप लागली असती. तुम्ही माझ्या जागी असतात तर 'हो' म्हणाला असतात, खाली मान घालून. मला नाही जमलं.

"शेवटी वाचा नव्हती त्यांना," मी म्हणाले. "आणि त्याच्या आधीही नाही काढलं, चाचा. एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाले. "हो म्हणाली असतीस तर मला कळलं असतं." मग गुडघ्यावर हात टेकून उठले, खांद्यावरचा रुमाल झटकला. "चल. मला त्याच्याकडे घेऊन चल."

स्कूटीवर मागे बसून ते आले. घरात तुमचा फोटो खुर्चीवर ठेवलाय, हार सुकलाय. मी पाणी आणायला वळले आणि मागून त्यांचा आवाज आला. चाचा माझ्याशी मराठीत बोलतात, तुमच्याशी कायम अहिराणीतच बोलले.

"आरे आबा, माले सांगाले काय व्हयनं व्हतं तुले? माले?"

मी आत गेले आणि मधलं दार लोटून घेतलं. ते तुमच्यावर ओरडत होते, आबा. थांबत होते, श्वास घेत होते आणि पुन्हा ओरडत होते. तुम्ही नेहमीसारखे गप्प. मी चहाचं आधण ठेवलं, साखर जास्त घातली, त्यांना तशी लागते. चहा उकळून तयार झाला तरी मी तो बाहेर नेला नाही. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.